गोळी बंद करण्यापूर्वीं

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेव्हांपासून गिरगांव-दादरच्या किती घरांतील माताभगिनी तेथें जाऊन आल्या असतील! स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन बाई घरीं परतली, कीं वडीलधारीं माणसें विचारतात, "गांठ तर काढली, आतां ही रोजची गोळी पांच पांच वर्षें कशाला?" याचें उत्तर प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

इस्ट्रोजेन हें शरीरांतील एक संप्रेरक. स्तनाच्या अनेक कर्कपेशींत त्यास धरून ठेवणारें एक प्रथिन असतें. त्यास ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेन ग्राहीस चिकटलें, कीं ही जोडी जनुकांवर जाऊन बसते आणि वाढीचीं जनुकें जागीं करते. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनची जागा अडविते. मग ग्राहीचा आकार पालटतो, जनुकें निजविणारीं प्रथिनें तेथें जमतात, आणि पेशीस वाढण्याची आज्ञा मिळत नाहीं. रजोनिवृत्तीनंतर देतात त्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या इस्ट्रोजेन तयारच होऊं देत नाहींत.

संप्रेरकांच्या या व्यवहाराचा शोध परळलाहि झाला आहे. १९९७ ते २००८ या काळांत डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें १००० स्त्रियांपैकीं निम्म्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं प्रोजेस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकाचें एकच इंजेक्शन दिलें. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरसकट लाभ दिसला नाहीं. मात्र काखेंतील गांठींपर्यंत रोग पोंचलेल्या स्त्रियांत तो परतण्याचें प्रमाण कमी आढळलें. पुढें खारघरच्या प्रयोगशाळेंत, प्रोजेस्टेरोनमुळेंहि कर्कपेशींतील जनुकांचें कार्य बदलतें, असें दिसून आलें.

यांतील मर्म ध्यानांत घ्यावें. ही गोळी पेशीस मारते त्यापेक्षां तिला मुकाट बसविते. डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशी कोठें उरल्या असल्या, तर अवेळीं गोळी थांबतांच त्या पुन्हां वाढूं लागण्याचा संभव असतो. ज्या गांठींत ग्राही नसतो, तिच्यावर मात्र या गोळीचा उपयोग नाहीं. म्हणूनच काढलेल्या गांठीची तपासणी आवश्यक. शिवाय टॅमॉक्सिफेन गर्भाशयांत उलट इस्ट्रोजेनसारखें वागतें. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाल्यास तो लपवूं नये.

आमच्या घरांतून बाई सर्वांचीं औषधें वेळेवर देते आणि स्वतःचें विसरते. तिच्या गोळीची आठवण पतीनें, सासूनें, मुलांनीं ठेवावी. गोळी थांबवावयाचीच झाली, तर तें डॉक्टरांनीं सांगावें, घरच्यांनीं नव्हे.