सोळा लिफ्टर्सचा फंडा

इंजिनाची पॉवर वाढवायची म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठा कार्बोरेटर, चकाचक एक्झॉस्ट, फार तर टर्बो. लिफ्टरचं नाव कुणी घेतं का? छे! बॉनेट उघडलं तरी तो दिसत नाही. पण निवड चुकली, तर हाच छोटासा तुकडा अख्खं इंजिन बसवू शकतो, बॉस!

मी नोकरीनिमित्त डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्या नाशिकच्या मित्राकडे इथे सत्तरच्या दशकातला शेव्हरोले पिकअप आहे. इंजिन ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. ते नव्याने बांधून वुडवर्ड ड्रीम क्रूझला न्यायचं, हे त्याचं स्वप्न. १९९५ मध्ये सुरू झालेला हा ऑगस्टमधला जुन्या गाड्यांचा मेळा म्हणजे इथल्या गाडीवेड्यांची वारीच! साहेबांना हवे होते रेसिंगवाले सॉलिड रोलर लिफ्टर्स. पण त्यांच्यामागून येणारा खर्च धरला, तर दिवाळीच्या तिकिटाचे पैसे संपणार होते. आणि नाशिकला आई वाट बघत होती.

हे करतं तरी काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला टॅपेट म्हणतात, तेच हे. कॅमशाफ्ट फिरतो, लिफ्टरला वर ढकलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. आठ सिलिंडर, सोळा लिफ्टर्स. एकालाही दांडी मारून चालत नाही.

दोन प्रश्न, चार पर्याय

पहिला प्रश्न : सॉलिड की हायड्रॉलिक? सॉलिडमध्ये थोडी फट ठेवावी लागते, फीलर गेज घेऊन ती अधूनमधून तपासावी लागते. टिकटिक आवाज फ्री! हायड्रॉलिकमध्ये आतलं ऑइल ही फट स्वतःच भरून काढतं. आवाज नाही, सेटिंगची कटकट नाही. मात्र साधारण ६००० ते ६५०० आरपीएमच्या पुढे त्याचा दम निघतो आणि व्हॉल्व्ह नीट बंद होईनासे होतात. आपल्या बुलेटचंच बघा ना. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात सॉलिड टॅपेट होते, नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक आले.

दुसरा प्रश्न : फ्लॅट की रोलर? फ्लॅट लिफ्टर कॅमवर घासत चालतो. स्वस्त, पण नखरेल. नवीन कॅमला नवीनच लिफ्टर्स लागतात. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवायचं, आयडलवर अजिबात सोडायचं नाही. वर ऑइलचं टेन्शन. झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतं, म्हणून गाड्यांच्या नेहमीच्या ऑइलमध्ये ते कमी झालं. २००४ च्या एपीआय एसएम स्टँडर्डने नेहमीच्या ग्रेड्समध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. त्यामुळे फ्लॅटवाल्यांना खास ऑइल शोधावं लागतं. नाहीतर कॅमचा उंचवटा झिजतो आणि तो लोखंडी चुरा ऑइलबरोबर थेट बेअरिंगमध्ये!

रोलरच्या टोकाला चाक असतं. तो घासत नाही, घरंगळतो. त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त झपाट्याने उघडणारा कॅम घालता येतो. अडचण एकच : या व्ही-८ च्या ब्लॉकमध्ये कंपनीने रोलरची सोय केली १९८७ पासून. त्याआधीच्या ब्लॉकला जोडपट्टीवाले रेट्रोफिट लिफ्टर्स लागतात. शिवाय पुशरॉड आखूड आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट बटन.

मग काय घेतलं?

मी मित्राला एवढंच विचारलं, ‘अरे, ६५०० च्या वर तू चालवणार किती वेळा?’ उत्तर आलं, ‘कधीतरी... म्हणजे बहुतेक नाहीच.’ सोमवार ते शुक्रवार हीच गाडी ऑफिसला जाते. सॉलिड रोलरला कडक स्प्रिंग लागतात. त्या दाबाखाली चाकातली बारीक निडल बेअरिंग्ज थकतात, म्हणून लिफ्टर्स मधूनमधून काढून तपासावे लागतात. सिग्नलला थांबत थांबत ऑफिस गाठणाऱ्या गाडीला हा थाट कशाला?

शेवटी हायड्रॉलिक रोलर ठरले. फ्लॅटपेक्षा महाग, पण ऑइलची धास्ती नाही आणि पहिल्या वीस मिनिटांचा जुगारही नाही. क्रोमची व्हील्स पुढच्या वर्षावर ढकलली, तिकीट वाचलं. ‘व्हील्स नाहीत तर क्रूझमध्ये बघणार कोण?’ म्हणून दोन दिवस गाल फुगले होते, ती गोष्ट वेगळी!

खरेदीआधी एवढं बघाच

* कॅम, लिफ्टर आणि स्प्रिंग एकमेकांना मॅच होणारेच घ्या.
* पुशरॉडची लांबी मोजून ठरवा, अंदाजाने नको.
* हायड्रॉलिकचा प्रीलोड कंपनी सांगेल तेवढाच ठेवा.
* जुने फ्लॅट लिफ्टर्स परत बसवायचे असतील, तर जुन्याच कॅमवर आणि ज्याचे त्याच्याच जागी.

बाकी फंडा सिंपल आहे. स्वप्नात गाडी कशी पळते ते विसरा आणि मंगळवारी सकाळी ट्रॅफिकमध्ये ती कशी चालते ते आठवा. लिफ्टर त्या मंगळवारसाठी घ्यायचा!