गुपित आत, खूण बाहेर : संगणकीय तिजोरीतील नोंदींविषयी

नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. शाळेच्या सहलीत आम्ही विद्यार्थ्यांना तो नेहमी दाखवतो. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे आहेत. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बाराही २४०च होतात. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला गेल्याचेही लेखात म्हटले आहे.

या लेखातील एक गोष्ट आजच्या विषयासाठी लक्षात घ्यावी. रक्कम लेण्यात नव्हती, ती श्रेणींकडे होती. लेण्याच्या भिंतीवर होती ती त्या रकमेची ओळख : कोणाची, कोणासाठी, कोठे ठेवली, कोणत्या अटीवर. ठेव एका जागी आणि तिची ओळख दुसऱ्या, सर्वांना वाचता येणाऱ्या जागी, ही व्यवस्था आपल्या या परिसराला सुमारे दोन हजार वर्षांपासून परिचित आहे. संगणकाच्या जगात आज ‘गुपितांना टॅग लावणे’ म्हणून जे काम केले जाते, त्याचे मूळ तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

हा विषय शाळेच्या स्मरणिकेत का, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण आमच्या अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काम करीत असलेल्या एका कार्यालयातील लिपिक बदलून गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जांची अंतिम मुदत तीन दिवसांवर आली होती आणि संकेतस्थळाचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. कपाटात एक कागद सापडला. त्यावर नीटनेटक्या अक्षरात अकरा पासवर्ड लिहिलेले होते. पण कोणता पासवर्ड कशाचा, हे एकाही ओळीपुढे लिहिलेले नव्हते. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर खातेच बंद होण्याची भीती. शेवटच्या रात्री अर्ज गेले, म्हणून मुलांचे वर्ष वाचले. त्या कागदात दोन दोष होते. जे झाकून ठेवायचे, तो पासवर्ड उघडा होता. आणि जे उघडपणे लिहायला हवे, ते कोठेच नव्हते.

आता संगणकीय तिजोरीकडे वळू. शाळेच्या प्रवेशाची, वसतिगृहाची किंवा शुल्काची आज्ञावली विद्यार्थ्यांची माहिती डेटाबेसमधून आणते. त्यासाठी तिला पासवर्ड लागतो. तो आज्ञावलीतच लिहून ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली दारावरच टांगणे होय. आज्ञावलीची प्रत ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती किल्लीही पडते. म्हणून असे पासवर्ड, किल्ल्या व परवलीचे शब्द वेगळ्या तिजोरीत कूटबद्ध करून ठेवतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या क्लाऊड सेवेने २०१८ मध्ये ‘सीक्रेट्स मॅनेजर’ या नावाने अशी तिजोरी उपलब्ध केली. या सेवेचा मुंबई विभाग २०१६ पासून आणि हैदराबाद विभाग २०२२ पासून चालू आहे. त्यामुळे अशा गुपितांचा साठा आता भारताच्या भूमीवरही ठेवता येतो.

या तिजोरीतील प्रत्येक कप्प्याला बाहेरून टॅग लावता येतात. टॅगचे दोन भाग असतात : किल्लीशब्द आणि त्याचे मूल्य. ‘विभाग : वसतिगृह’, ‘जबाबदार : मुख्य लिपिक’, ‘उपयोग : प्रत्यक्ष’ किंवा ‘उपयोग : चाचणी’ अशी त्यांची रूपे असतात. समजण्यास सोपे जावे म्हणून आम्ही ती मराठीत दिली. प्रत्यक्षात ती बहुधा रोमन लिपीत लिहितात. एका गुपिताला जास्तीत जास्त ५० टॅग लावता येतात.

दोनचार गुपिते असतील, तर हे टॅग पडद्यावर हातानेही लावता येतात. परंतु गुपिते शेकड्यांनी असली की हाताचा भरवसा राहत नाही. एक जण ‘वसतिगृह’ लिहितो, दुसरा ‘वसतीगृह’ लिहितो. मराठीच्या तासाला ही शुद्धलेखनाची चूक ठरेल. संगणकाला मात्र ही दोन वेगळी मूल्ये वाटतात. रोमन लिपीत मोठ्या व लहान अक्षरांचा भेदही असाच मोजला जातो. मग ‘वसतिगृह’ विभागाची सर्व गुपिते मागितली असता काही गुपिते यादीत येतच नाहीत. म्हणून टॅगांची एक ठरलेली यादी करून ते आज्ञावलीकडून लावून घेतात.

आज्ञावली हे काम तीन पायऱ्यांनी करते. प्रथम ती आपली ओळख पटवून योग्य विभागातील तिजोरीशी जोडली जाते. गुपित मुंबई विभागात आणि आज्ञावली दुसऱ्याच विभागात शोधत असेल, तर ‘असे गुपित नाही’ एवढेच उत्तर मिळते. नवशिक्यांची ही नेहमीची फसगत आहे. दुसऱ्या पायरीवर ‘टॅग रिसोर्स’ ही आज्ञा दिली जाते. तिच्यासोबत गुपिताचे नाव आणि टॅगांची यादी द्यावी लागते. आधीचे टॅग तसेच राहतात, नवे त्यांत मिळवले जातात. किल्लीशब्द तोच असेल, तर जुन्या मूल्याच्या जागी नवे मूल्य येते. तिसरी पायरी पडताळणीची. ‘डिस्क्राइब सीक्रेट’ ही आज्ञा गुपिताचे वर्णन आणि टॅग दाखवते, आतला पासवर्ड मात्र दाखवत नाही. पासवर्ड वाचण्याची आज्ञा वेगळी आणि तिची परवानगीही वेगळी असते. टॅग काढून टाकायचा असल्यास ‘अनटॅग रिसोर्स’ ही आज्ञा आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पासवर्ड बदलला की तिजोरीत त्याची नवी आवृत्ती तयार होते आणि चालू आवृत्ती कोणती, आधीची कोणती, हे सांगणाऱ्या स्वतंत्र खुणा त्या आवृत्त्यांना असतात. टॅग आवृत्तीला लागत नाही, तो संपूर्ण गुपिताला लागतो. उषवदाताच्या ठेवीचे व्याज दरवर्षी नवे होते. ठेवीची ओळख तीच राहिली.

टॅगांचा उपयोग शोधण्यापुरता नाही. खर्चाचा हिशेब विभागवार लावण्यासाठी ते कामी येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांवरून अधिकार ठरवता येतात. ‘ज्या गुपितावर विभाग : वसतिगृह असा टॅग असेल, तेच गुपित वसतिगृहाच्या आज्ञावलीने वाचावे’ असा नियम करता येतो. मात्र असा नियम केला की टॅग बदलणे म्हणजे अधिकार बदलणे ठरते. म्हणून टॅग लावण्याची परवानगी वाटेल त्याला देऊ नये. एखादा टॅग बदलल्याने बदलणाऱ्याचाच त्या गुपितावरील अधिकार जाणार असेल, तर ही सेवा तो बदल अडवते. दुसऱ्याचा अधिकार जाणार असेल, तर ती काळजी माणसानेच घ्यावी लागते.

यातून सर्वांत मोठे पथ्य निघते. टॅग कूटबद्ध नसतो. ज्याला गुपित वाचण्याचा अधिकार नाही, त्यालाही तो दिसू शकतो. म्हणून टॅगमध्ये पासवर्ड, त्याचा सुगावा, विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक वा दूरध्वनी क्रमांक कधीही लिहू नये. भिंतीवर जे कोरले, ते सर्वांनी वाचावे यासाठीच असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीबाबत अधिक काळजीची अपेक्षा केली आहे. निवासी शाळेत जवळजवळ प्रत्येक नोंद बालकाचीच असते. आईवडिलांनी दूरवरच्या वाडीवस्तीवरून आपल्या स्वाधीन केलेल्या मुलाचे उत्पन्नाचे दाखले, बँक खाते, आजारपण हे सर्व आपल्या संगणकावर आहे. मुलाला जेवू घालणे जितके आपले काम, तितकेच हे राखणेही आपलेच काम आहे.

क्लाऊड सेवा नसलेल्या शाळेनेही यातील तत्त्व आजच अंगीकारावे. पासवर्ड एका जागी बंद ठेवावेत आणि त्यांची एक वेगळी नोंदवही करावी. तीत पासवर्ड लिहू नये. तो कशाचा, कोणत्या विभागाचा, कोणत्या पदाच्या स्वाधीन आणि शेवटचा केव्हा बदलला, एवढेच लिहावे. ‘जबाबदार’ या रकान्यात व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहावे, कारण माणसे बदलून जातात, निवृत्त होतात. पद मागे राहते. दर सत्राच्या आरंभी ही वही दोघांनी मिळून तपासावी.

संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी आता पुणे-मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांनी सुटीत दोन दिवस येऊन शाळेची ही यादी लावून द्यावी, एवढी आमची त्यांच्याकडे मागणी आहे. यंदाच्या मुदतीपूर्वी एवढे काम झाले, तर त्या अकरा पासवर्डांच्या कागदासारखा कागद आपल्या कपाटात कोणाला सापडणार नाही.