वाळलेल्या माशाची चकाकी

ट्राउट मासा मेला की त्याचे रंग उतरू लागतात. कातडी वाळल्यावर तर ती पार मळकट होते. म्हणून अमेरिकेतले टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे मेलेले प्राणी टिकवून ठेवणारे कारागीर, जतन केलेला मासा नव्याने रंगवतात. खरी कसोटी लागते ती चांदीसारख्या झळाळीची. ही झळाळी रंगद्रव्याची नसतेच. त्वचेतल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून ती दिसते. नुसता चंदेरी रंग फासला, तर मासा पत्र्याचा वाटतो. त्यापेक्षा मोतिया चमकीची पूड आणि तिच्यावर एअरब्रशने दिलेले पारदर्शक, विरळ थर कितीतरी सरस! शिकाऊ हात नेमका इथेच घाई करतो. ठिपक्यांचंही तसंच. ब्राउन ट्राउटच्या लाल ठिपक्याभोवती बहुधा फिकट वलय असतं, त्याची कडा किंचित विरघळलेली. ती साधायची तर जिवंत माशाचे फोटो समोर हवेतच.