पृथ्वीच्या कवचाची रोजनिशी

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आणि जोर अखंड मोजला जातो. या कामाची मुळे मुंबईच्या कुलाब्यात आहेत. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली आणि १८४१ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी चुंबकीय मापन सुरू केले.

इथे मोजले जाते ते आपले कवच. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने सुटतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या बाजूला साधारण ६० हजार किलोमीटरवरच त्यातले बहुतेक कण वळवते. मंगळाचे असे क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी विझले. ‘मावेन’ यानाच्या मोजमापांनुसार सौरवारा आजही त्याच्या वातावरणातून सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू ओढून नेतो. शुक्राला मात्र स्वतःचे क्षेत्र नसूनही दाट वातावरण आहे. म्हणजे ग्रहाचे गुरुत्व, आतून येणारे वायू यांचाही हिशेब धरावा लागतो. म्हणूनच कवच खरोखर किती राखते, हे तर्काने नव्हे, मोजूनच ठरवायचे.

२ सप्टेंबर १८५९ रोजी ज्ञात इतिहासातल्या सर्वात प्रबळ सौरवादळांपैकी एक पृथ्वीवर आदळले. कुलाब्यातल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून हाताने आकडे लिहिले. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी, कोसळले होते. त्या वादळाचा जोर ठरवताना शास्त्रज्ञ आजही याच नोंदीकडे वळतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापन बिघडले असते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरून इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. मूस यांनी १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग इथली मापने शेजारी शेजारी चालू ठेवली. त्यामुळे जुनी मालिका नव्या जागेशी जुळली. ट्राम धावू लागली तेव्हा धागा तुटलेला नव्हता.

आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. पृथ्वीचे चुंबकत्व वर्षागणिक बदलते, आणि तो बदल एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. उपग्रह विस्तीर्ण चित्र देतात, पण ते गेल्या काही दशकांचेच. दीडशेहून अधिक वर्षांची सलग नोंद पिढ्यान्‌पिढ्या नेमाने आकडे लिहिणाऱ्यांनीच घडवली, आणि हे या किनाऱ्याचे विज्ञानाला मोठे देणे आहे.