गोठणारे पाणी आणि फुटणारे नळ

बेळगाव हे लष्कराचे जुने ठाणे. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र येथेच असल्यामुळे या भागातील कित्येक घरांतले वडील, काका वा थोरले भाऊ कधी ना कधी लडाख-काश्मिराकडे राहून आलेले असतात. सुटीवर आल्यावर ते तेथील थंडीच्या ज्या हकीकती सांगतात, त्यांत एक हमखास असते : रात्री वाहता असलेला नळ सकाळी मुका होतो, आणि चार दिवसांनी ऊन पडले की भिंतीतून पाणी झिरपू लागते. आम्हां कोंकणी मुलखात वाढलेल्यांचा हिवाळा एका शालीत भागतो. त्यामुळे ही गोष्ट प्रथम आम्हांस अतिशयोक्तीच वाटे. ती तशी नाही. शिवाय आपल्या शाळांतून शिकून गेलेल्या कित्येकांचे संसार आता अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांत आहेत. त्यांनाही या प्रश्नाशी गाठ घालावी लागते.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही चार अंश सेल्सियसपर्यंत आकसते. परंतु त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते, आणि बर्फ होताना तर शंभर भाग पाण्याचे सुमारे एकशे नऊ भाग होतात. एवढे ठाऊक असले की आपण लगेच म्हणतो, बर्फ फुगला आणि नळी फुटली. पण गंमत अशी की नळी पुष्कळदा जेथे बर्फ झाला तेथे फुटतच नाही. ती दुसरीकडे फुटते. याचे कारण नीट समजले, तर पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात.

समजा, बाहेरच्या भिंतीलगतच्या नळीत एका ठिकाणी बर्फाचे बूच बसले. थंडी वाढते तसे ते बूच नळीत दोन्ही अंगांनी लांबत जाते. रस्त्याकडच्या बाजूचे पाणी मागे मुख्य नळाकडे सरकू शकते. तेथे फारसे बिघडत नाही. तोटीकडच्या पाण्याला मात्र वाट नसते. पुढे बंद तोटी, मागे वाढते बूच. आणि पाणी हा असा पदार्थ की दाबून त्याचे आकारमान फारसे कमी होत नाही. मग या कोंडलेल्या पाण्याचा दाब एरवीच्या कित्येक पटींनी चढतो आणि जेथे सांधा किंवा पत्रा दुबळा असेल तेथे नळी उकलते. बूच जागेवर असेतोवर ही चीर कोणास दिसत नाही. ऊन पडून बूच वितळले म्हणजे पाणी मोकाट सुटते. म्हणूनच घर थंडीत नव्हे, थंडी ओसरताना भिजते.

इ. स. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. हा उष्ण मुलूख. तेथे नळ्या माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून उघड्याच नेलेल्या असतात. कडाक्याची थंडी आली, त्यातच वीज गेली, घरे आतून गारठली. पुढे बर्फ वितळताच असंख्य घरांची छते गळू लागली. शहरांच्या नळांतील दाब उतरला आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. नेहमीच्या कडक थंडीचे प्रदेश हे संकट जाणून घरे बांधतात. खरा घात अनपेक्षित थंडीने होतो.

आता उपाय. सर्वांत भक्कम उपाय बांधणाऱ्याच्या हाती असतो : जमिनीत थंडी जितकी खोल पोहोचते त्याच्याही खाली नळी पुरणे, आणि घरात ती बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवणे. उघड्या नळीला रबराचे, फेसाचे किंवा अगदी गोणपाटाचे वेष्टन घालतात. मात्र वेष्टन ऊब निर्माण करीत नाही. असलेली ऊब जाण्यास फक्त विलंब लावते. रिकाम्या, थंड घरात ते एक-दोन रात्री तग धरील, अधिक नाही.

कडक रात्री तोटी किंचित उघडी ठेवून बारीक धार चालू ठेवण्याची पद्धत आहे. पुष्कळांना वाटते, वाहते पाणी गोठत नाही म्हणून हे करतात. ते थोडे खरे आहे. जमिनीतून येणारे पाणी आपल्याबरोबर जराशी ऊब आणते. पण खरा लाभ निराळाच : बूच बसलेच, तरी त्याच्या पुढच्या पाण्याला वाट मोकळी असते, दाब चढत नाही. आमच्या मते थेंबाथेंबाने गेलेले एवढे पाणी वाया गेले असे म्हणता येणार नाही. आणि घर बंद करून गावी जायचे असेल, तर मुख्य चावी बंद करून सर्व तोट्या उघडाव्या व नळ्या पार रित्या कराव्या. पाणीच नसेल तेथे गोठणार काय?

श्रीनगरात 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस 'चिल्लई कलान' म्हणतात. त्या दिवसांत सकाळी नळाखाली कागद वा काटक्या पेटवून तो मोकळा करणारी माणसे दिसतात. अंगणातल्या लोखंडी नळाशी हे कसेबसे निभावते. घरातल्या नळीशी कदापि करू नये. आग लागण्याचे भय तर असतेच, शिवाय मधलेच पाणी तापून वाफ कोंडली तर नळी स्फोटाने फुटते. प्रथम तोटी उघडावी, मग तोटीच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे सरकत गरम पाण्यात पिळलेली फडकी नळीभोवती गुंडाळावी. वितळलेल्या पाण्याला पुढे वाट मिळत जाते. हे करताना घरातल्या एकाने मुख्य चावीपाशी उभे राहावे. कोठे चीर पडलेली असेल, तर ती याच वेळी बोलू लागते.