विमानप्रवासात कोणती वस्तू कोणत्या बॅगेत ठेवावी आणि का?

मोठी बॅग काउंटरवर दिली की ती थेट मुक्कामीच हाती येते. सुरक्षा तपासणी होते ती त्यानंतर. त्यामुळे हातातल्या बॅगेत राहिलेली तुपाची बरणी किंवा लोणचं तिथेच सोडून पुढे जावं लागतं. हे टाळायचं असेल तर नियमांमागची कारणं समजून घेऊया.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच का?

लिथियम बॅटरी बिघडली की आपोआप तापत जाते आणि पेटते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी आग विझवू शकतात. खालच्या सामानकक्षात कोणी नसतं. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

मर्यादा साधारण 100 वॉट-अवरची आहे. पॉवर बँकेवरच्या एमएएच आकड्याला 3.7 ने गुणून 1000 ने भागा. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरची, म्हणजे नियमात बसते. 100 ते 160 वॉट-अवरसाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

100 मिलीचा नियम कुठून आला?

द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थांवर मर्यादा आली. प्रत्येक बाटली जास्तीत जास्त 100 मिलीची, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. इथे बाटलीचा आकार मोजतात, आतलं द्रव नव्हे. म्हणून 200 मिलीची अर्धी रिकामी बाटलीही चालत नाही. तूप, जॅम, टूथपेस्टही द्रवातच मोजतात. बाळाचं दूध आणि गरजेची औषधं यांना सवलत असते. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र सोबत ठेवा.

फराळ नेताना

चकली, शंकरपाळे हातातल्या बॅगेत नेता येतात. लोणचं घट्ट झाकणाच्या डब्यात, दुहेरी पिशवीत घालून चेक-इन बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्या बॅगेतही ठेवू नका. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते ज्वलनशील मानलं जातं. चाकू, कात्री, अडकित्ता यांची जागा चेक-इन बॅगेतच. परदेशात जात असाल तर त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियमही आधी पाहा.

बॅग कशी भरावी?

जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवा, कपडे गुंडाळून भरा, मोजे बुटांत कोंबा. हातातल्या बॅगेत लॅपटॉप आणि द्रवांची पिशवी सगळ्यात वर असावी, कारण ती बाहेर काढायला सांगू शकतात. चार्जर आणि वायरींचा गुंता करू नका. एकावर एक दाट वस्तू असल्या की एक्स-रेमध्ये चित्र स्पष्ट दिसत नाही आणि बॅग उघडावी लागते.

बहुतेक भारतीय विमान कंपन्या इकॉनॉमी वर्गात हातातल्या बॅगेला 7 किलोची मर्यादा ठेवतात. निघण्याआधी घरीच वजन करा आणि हातातल्या बॅगेचा प्रत्येक कप्पा एकदा रिकामा करून पाहा. नको ती वस्तू घरी सापडली तर फक्त बॅग बदलावी लागते.