शंभर संशयित, त्यात डेंग्यूचे अडतीस

पावसाळ्यात ताप चढला, डोळ्यांमागे ठणकायला लागलं, अंग मोडून आलं की घरात प्रश्न ठरलेला : "डेंग्यू तर नाही ना?" बहुतेक वेळा नसतो! चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९९८ ते २०१७ या काळातले देशभरातले अभ्यास एकत्र मांडले. डॉक्टरांना डेंग्यूची शंका आलेल्या रुग्णांपैकी प्रयोगशाळेत तो पक्का झाला फक्त ३८.३ टक्क्यांमध्ये.

मग उरलेल्यांना काय झालेलं असतं? चिकनगुनिया, मलेरिया, टायफॉइड, फ्लू, कोकण-मुंबईकडे लेप्टोस्पायरोसिस म्हणजेच लेप्टो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस या सगळ्यांचा ताप सारखाच दिसतो. लेप्टोला अँटिबायोटिक लागतं, डेंग्यूवर ते चालतच नाही. म्हणून अंदाजाने औषध घेणं खरंच घातक आहे.

आता उलटी गंमत पाहा. २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत ५ ते ४५ वयाच्या लोकांचं रक्त तपासलं, तर ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू आधीच होऊन गेलेला! पश्चिम भारतात तर ६२.३ टक्के. यातल्या कितीतरी जणांना पत्ताही नव्हता, कारण जगभरातला अंदाज असा की डेंग्यूचा विषाणू शिरलेल्या चौघांपैकी तिघांना त्रास जाणवतच नाही. ज्यांना शंका येते त्यातल्या बहुतेकांना तो नसतो आणि ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांना शंका येत नाही!

"मला कधी झाला नाही" म्हणणाऱ्यांनी म्हणूनच जपावं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. पहिल्यांदा एक आणि नंतर दुसराच प्रकार शिरला, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

तपासणीत दिवस फार महत्त्वाचा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूच्या प्रथिनाची चाचणी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची). दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली तर डेंग्यू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. झटपट चाचणीच्या कार्डवर पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी नोंदीत तो रुग्ण 'संभाव्य'च राहतो. शिक्का बसतो प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने. सरकारी केंद्रांत वापरले जाणारे आयजीएमचे एलायझा किट बनतात आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत!

रिपोर्ट येईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको; रक्तस्रावाचा धोका असतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट पेशींच्या आकड्यावर असतं, पण खरी कसोटी लागते ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा पोटात सारखं दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा माणूस सुस्तावला असेल, तर थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी तडक दवाखाना गाठा.